ड्यूक कहानामोकू: एकच माणूस पाण्यातले एवढे सगळे खेळ कसा काय खेळला?

आमच्याकडे पोराला विहिरीत पोहायला शिकवायचं म्हटलं की कमरेला पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे. आजोबांनी मलाही तसंच बांधलेलं, सुंभाची दोरी पोटाला काचायची आणि ते वाळलेलं लाकूड हातात घेतलं की इतकं हलकं लागायचं की हे मला काय तरंगवणार असं वाटायचं, पण तरंगवायचं. हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे हवाई बेटांवर विलीविली नावाचं एक झाड आहे, ते आपल्या पांगाऱ्याचं भावंडच, एकाच जातकुळीतलं, आणि तिथले जुने सरदार लोक लाटेवर उभं राहायच्या लांबलचक फळ्या त्याच्या लाकडाच्या करायचे, होडीच्या बाजूला तरंगणारा ओंडकासुद्धा त्याचाच. आपल्या कोकणात होडी कलंडू नये म्हणून आडव्या दांड्यांना असा ओंडका बांधतात त्याला उलांडी म्हणतात ना, डिट्टो तेच.

तर आजची गोष्ट त्या बेटांवरच्या माणसाची आहे, ड्यूक कहानामोकूची.

आधी नावाचा घोळ मिटवू. ड्यूक हा किताब वगैरे नाही, पाळण्यातलं नाव आहे. १८६९ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र, म्हणजे एडिनबराचा ड्यूक, हवाईला आलेला, त्या वेळी जन्मलेल्या एका मुलाचं नाव ड्यूक ठेवलं आणि त्याने पुढे तेच नाव आपल्या थोरल्या मुलाला दिलं. तो हा थोरला, जन्म २४ ऑगस्ट १८९०, होनोलुलू. तेव्हा हवाई स्वतंत्र राज्य होतं, ड्यूक अडीच वर्षांचा असताना राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढलं आणि १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने स्वतःला जोडून घेतली. म्हणजे पुढे आयुष्यभर ज्या अमेरिकेच्या झेंड्याखाली तो पोहला तो झेंडा त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या घरावर नव्हता, हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता त्याने केलं काय ते बघा. तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून पोहण्यात तीन सुवर्ण आणि दोन रौप्य, हवाईबाहेर सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरणं, पोचवणारा सगळ्यात मोठा माणूस, उलांडीच्या होड्यांच्या शर्यतीत सुकाणू धरणारा, १९३२ ला ४१ व्या वर्षी अमेरिकेच्या वॉटर पोलो टीममध्ये राखीव खेळाडू, आणि मध्येच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्या आठ माणसांना बाहेर काढलं ते वेगळंच.

आजच्या हिशेबात हे बसत नाही. आज पोरगं सहा वर्षांचं झालं की अकॅडमी, मग एक स्ट्रोक, मग त्यातलंही एकच अंतर, शंभर मीटरवाला दोनशेच्या वाटेला जात नाही. मग ड्यूकला एवढं सगळं कसं जमलं? मला वाटतं आपला प्रश्नच थोडा चुकतोय. आपण पाच खेळ मोजतो, ड्यूक वाढला त्या होनोलुलूतल्या वाइकिकीच्या किनाऱ्यावर असं कोणी मोजत नव्हतं. सकाळी पोहत बाहेर जायचं, फळीवर परत यायचं, दुपारी होडी घेऊन लाटेवर, कोणी दमला तर त्याला ओढून आणायचं, हे सगळं मिळून एकच काम होतं, पाण्यात वावरणं. आपल्याकडच्या रापणवाल्याला विचारा की तू पोहणारा की होडीवाला की जाळंवाला, तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, या सगळ्यात शरीराचं कौशल्य सेम कसं ते समजून घ्यायला पाहिजे, आणि त्यासाठी थोडंसं विज्ञान, घाबरू नका.

पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट आहे. त्यामुळे पाण्यात पुढे जाताना ते तुम्हाला मागे रेटतं, आणि गंमत अशी की वेग दुप्पट केला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे नुसती ताकद लावून वेग वाढवायला गेलात की लवकरच भिंत लागते, दंडात कितीही दम असो. खरा फायदा कशात? पाण्याला तुमचं अंग कमीत कमी दिसेल असं ठेवण्यात, सपाट, लांब, कंबर वर. नवीन शिकणाऱ्याचं काय होतं, डोकं वर काढतो, पाय खाली जातात आणि मग तो पाण्यात तिरकं दार ढकलल्यासारखा पोहत राहतो, दहा हात मारले की धाप.

ड्यूकचे पाय इथे कामाला आले. त्या काळात बरेच पोहणारे पायाची कात्री मारायचे, कात्री उघडली की ब्रेक लागतो. ड्यूक गुडघा जवळजवळ सरळ ठेवून, घोटा सैल सोडून, बारीक बारीक आणि सतत पाय हलवायचा, त्याच्या पायामागे बोटीच्या पंख्यासारखं पाणी उसळायचं म्हणतात. त्यामुळे कंबर वर राहायची आणि छाती पाण्यावर सरकायची. हे त्याला कोणी कोचने शिकवलेलं नाही, लहानपणापासून समुद्रात होता तिथे ते त्याच्या अंगात आलं.

आता लाट. लाटेत पाणी किनाऱ्याकडे धावत येतं असं आपल्याला वाटतं, पण खोल समुद्रात तसं होत नाही. पाणी तिथल्या तिथे गोल फिरतं, वर, पुढे, खाली, मागे, आणि पुढे सरकते ती फक्त लाटेची ताकद. दोरीचं एक टोक खांबाला बांधा आणि दुसरं झटका, दोरी जागेवरच राहते आणि लाट खांबापर्यंत जाते ना, तसं. मग ही ताकद उथळ जागी आली की खालचा तळ तिला अडवतो, खालचं पाणी मंदावतं, वरचं पुढे झुकतं, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली की लाट फुटते. तळ एकदम चढत असेल तर लाट धाडकन आपटते, हळूहळू चढत असेल तर ती लांबवर, निवांत, थोडी थोडी फुटत जाते. वाइकिकीला खडप पाण्याखाली दूरवर पसरलेलं आहे म्हणून तिथली लाट दुसऱ्या प्रकारची, माणसाला शिकू देणारी, लांब नेणारी. समुद्र तिथे मायाळू आहे असं मी म्हणेन.

लाट पकडायची म्हणजे काय, तर ती तुमच्याखाली येते त्या क्षणी तुमचा वेग तिच्या वेगाच्या जवळपास पाहिजे, नाहीतर ती तुमच्या खालून निघून जाते आणि तुम्ही तिथेच. एकदा वेग जुळला की लाटेचा उतार हा तुमच्यासाठी डोंगराचा उतार, तुम्ही घसरत राहता आणि डोंगर पण तुमच्याबरोबर पुढे येत राहतो, म्हणून संपत नाही. आता हा वेग आणायचा कशाने? फळीवर पालथं पडून हाताने पाणी मागे ओढून. म्हणजे फ्रीस्टाइलचेच हात! आणि ड्यूकची एक फळी सोळा फूट लांब आणि ११४ पौंडांची, म्हणजे बावन्नेक किलोची होती, खाली दिशा धरायला पंखपण नाही कारण फळीला पंख लावायची कल्पनाच १९३५ च्या सुमाराची, तोवर वळायचं तर मागचा पाय पाण्यात ओढायचा. असं धूड हाताने ओढत लाटांच्या पलीकडे दिवसातून कितीतरी वेळा नेणारा माणूस स्विमिंग पूलमध्ये उतरला तर काय होईल? आणि होडीचं सुकाणू धरणारा काय करतो, तर मागे बसून लाट कुठे उठतेय ते ओळखतो आणि वल्हवणाऱ्यांना नेमक्या वेळी जोर लावायला सांगतो. डोळा तोच, हात तेच.

१९११ मध्ये काय झालं ते ऐका. ११ ऑगस्टला होनोलुलू बंदरात पहिल्यांदा अधिकृत स्पर्धा झाली, धक्क्यांच्या मधल्या पाण्यात, जिथे बोटी लागतात तिथे. ड्यूकने १०० यार्ड ५५.४ सेकंदांत काढले. जागतिक विक्रम होता त्यापेक्षा ४.६ सेकंद कमी! शंभर यार्डात विक्रम मोडतात ते सेकंदाच्या तुकड्यांनी, साडेचार सेकंद म्हणजे जवळजवळ वेगळाच खेळ. अमेरिकेतल्या हौशी खेळाडूंच्या न्यूयॉर्कमधल्या संघटनेने विश्वासच ठेवला नाही, पाण्याला ओढ असेल, घड्याळ चुकलं असेल, अंतर कमी असेल, असं सगळं बोलून विक्रम नाकारला. लांबच्या बेटावरचा सावळा पोरगा, कोण विचारतो.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने पण सांगायला पाहिजे. बंदरात वळण नव्हतं. पूलमध्ये भिंत येते, वळावं लागतं आणि भिंतीला पाय लावून जोर घेता येतो, शिकलेल्याला तो फायदा आणि न शिकलेल्याला तोटा. ड्यूकला भिंतीची सवयच नव्हती. १९१२ च्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला तेव्हा वळणं शिकावी लागली, थंडी सोसावी लागली, पिट्सबर्गला तर थंड पाण्याने पायात गोळे आले आणि शर्यत अर्धवट राहिली. तीन-चार महिन्यांत हे सगळं शिकून तो ऑलिम्पिक टीममध्ये होता, मला विक्रमापेक्षा याचं कौतुक जास्त वाटतं.

१९१२ चं स्टॉकहोम. तिथे पोहण्याच्या शर्यती समुद्राच्या खाडीत, १०० मीटरच्या सरळ पट्ट्यात, म्हणजे शंभरला वळण नाही, आपल्या गड्याचंच पाणी. पण झालं भलतंच, वेळापत्रकाचा गोंधळ होऊन ड्यूक आणि त्याचे अमेरिकन सोबती सेमीफायनलला पोचलेच नाहीत. नियमाने बाहेर. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा सेसिल हिली, जो स्वतः फायनलमध्ये होता आणि ज्याला ड्यूक नसता तर सुवर्ण जवळजवळ हातात होतं, त्याने त्यांना संधी द्या म्हणून बाजू लावून धरली. खास त्यांच्यासाठी वेगळी शर्यत झाली, ड्यूक फायनलला आला आणि ६३.४ सेकंदांत जिंकला. हिली दुसरा. हाच हिली सहा वर्षांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. ड्यूकचं नाव घेताना हिलीचं नाव घेतलंच पाहिजे.

१९१६ चं ऑलिम्पिक युद्धाने खाल्लं. ड्यूकचं वय तेव्हा २५, म्हणजे ऐन उमेदीची वर्षं गेली. तरी १९२० ला अँटवर्पला गेला, २४ ऑगस्टला, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, फायनल ६०.४ ने जिंकली, जागतिक विक्रम, मग एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने आपल्याला आडवं आल्याची तक्रार केली म्हणून ती फायनल पुन्हा घेतली, हा पुन्हा जिंकला. रिलेतपण सुवर्ण. १९२४ ला पॅरिसला ३३ वर्षांचा असताना वीस वर्षांचा जॉनी वाइसम्युलर पहिला, ड्यूक दुसरा आणि तिसरा कोण, तर ड्यूकचा धाकटा भाऊ सॅम. एका घरातले दोघं एका पोडियमवर.

आता जो भाग समजायला खरंच किचकट आहे तो, पैसा. त्या काळी ऑलिम्पिकला हौशी खेळाडूच चालायचे, आणि हौशी म्हणजे खेळाने एक पैसासुद्धा कमवायचा नाही, पोहायला शिकवून फी घेतलीत तरी तुम्ही धंदेवाईक. नियम ऐकायला फार सात्त्विक वाटतो, पण विचार करा तो सोयीचा कोणाला? ज्याच्या घरी आधीच पैसा आहे त्याला. ड्यूकबरोबरच स्टॉकहोमला असलेल्या जिम थॉर्पची पदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली, कारण काय तर आधी कधीतरी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतलेले. ती त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी परत मिळाली, त्याच्या मुलांना. हे उदाहरण डोळ्यासमोर असताना ड्यूकने पैशाला हात कसा लावावा? जगातला सगळ्यात वेगवान पोहणारा होनोलुलूत पाण्याचे मीटर वाचायचा, पुढे सरकारी इमारतीत साफसफाईचं काम करायचा.

हॉलिवूडमध्येपण गेला, पण त्याला मिळायचे ते बारीकसारीक रोल, कुठे टोळीचा सरदार, कुठे नुसता गर्दीतला बेटवाला. ज्याने त्याला पॅरिसला हरवलं तो वाइसम्युलर टारझन झाला. पोहण्याचा फरक २.४ सेकंदांचा होता, पडद्यावरचा फरक कातडीच्या रंगाचा. याचा मला खरंच राग येतो.

सर्फिंगचं थोडं मागे जाऊन सांगतो. हवाईत लाटेवर उभं राहणं शेकडो वर्षांचं, राजा-राणीपासून सगळे करायचे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी माणसंच इतकी मेली आणि मिशनऱ्यांना हे उघड्या अंगाचे खेळ इतके खटकले की फळ्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाइकिकीची पोरं परत लाटांवर दिसायला लागली, ड्यूक त्यातलाच, १९११ ला त्यांनी हुई नालू नावाचा क्लबपण काढला. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडचा उन्हाळा आपल्या डिसेंबर-जानेवारीत, त्याला पोहण्याच्या शर्यतींसाठी ऑस्ट्रेलियाने बोलावलं. सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लाटा बघितल्यावर त्याला राहवेना, फळी नव्हती तर तिथलंच पाइनचं लाकूड घेऊन स्वतः फळी तासली आणि लोकांना करून दाखवलं. नंतर इसाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला पुढे उभं करून दोघांनी एकाच फळीवर लाट घेतली. आज ऑस्ट्रेलिया सर्फिंगचा केवढा मोठा देश आहे, आणि ती फळी अजून फ्रेशवॉटरच्या क्लबात जपून ठेवलेली आहे.

आणि आता १४ जून १९२५. जागा कॅलिफोर्नियातलं कोरोना डेल मार, न्यूपोर्टच्या बंदराचं तोंड. सकाळी लाटा मोठ्या, ड्यूक आणि त्याचे मित्र किनाऱ्यावर फळ्या घेऊन. थेल्मा नावाची मासेमारीची बोट, वर १७ माणसं, बंदराच्या तोंडाशी लाटांत सापडली आणि उलटली. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, तिथे पाणी उथळ, म्हणून मोठी लाट नेमकी तिथेच फुटते, आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी होड्या बुडतात त्या याच कारणाने. आता पोहत जाऊन वाचवणाऱ्याचं बघा, तो फुटणाऱ्या लाटांतून जाईपर्यंत अर्धा दमतो, बुडणारा माणूस त्याला मिठी मारतो, दोघंही खाली जायची भीती, आणि एका खेपेला एकच माणूस. ड्यूकने फळी पाण्यात ढकलली. फळी लाटेवरून जाते, लवकर पोचते, बुडणाऱ्याला तुमच्या गळ्याऐवजी धरायला काहीतरी मिळतं, दोघं-तिघं तिला लटकू शकतात, आणि परत येताना तीच लाट जी मारत होती ती ढकलत आणते. तो गेला, आला, परत गेला, परत आला. पाच जण गेले, बारा वाचले, त्या बारातले आठ एकट्या ड्यूकने आणलेले. त्यानंतर जीवरक्षकांनी सर्फबोर्ड वापरायला सुरुवात केली, आज जगभर किनाऱ्यांवर लाइफगार्डच्या टॉवरला टेकवून ठेवलेली फळी दिसते त्यामागे ही सकाळ आहे.

माझ्या लेखी पाचही पदकं एका बाजूला आणि ही सकाळ एका बाजूला. कारण इथे त्याला जे जे येत होतं ते सगळं एका वेळी लागलं, लाट वाचणारा डोळा, फळी ओढणारे हात, पाण्यात टिकणारा श्वास, आणि घाबरलेल्या माणसाला धरायची पद्धत.

पुढचं आयुष्य पटकन सांगतो. होनोलुलूत पेट्रोल पंप चालवला, १९३४ ला शेरिफ म्हणून निवडून आला आणि १९६१ पर्यंत पुन्हा पुन्हा निवडून येत राहिला, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत हे मोठं काम. १९६८ च्या २२ जानेवारीला गेला, ७७ वर्षांचा होऊन. अस्थी होड्यांतून नेऊन वाइकिकीच्या पाण्यात सोडल्या.

आज त्याच बेटांवरच्या माउईचा काई लेनी, १९९२ चा जन्म, सर्फिंग, विंडसर्फिंग, काइटसर्फिंग, उभ्याने वल्हवायचं सप, आणि फॉइल, सगळं करतो. फॉइल म्हणजे फळीखाली दांड्याला जोडलेला विमानासारखा छोटा पंख, वेग आला की तो पंख वर उचलतो, फळी पाण्याबाहेर येते आणि मघाशी सांगितलेला पाण्याचा रेटा एकदम कमी होतो. ड्यूक कंबर वर ठेवून जे साधायचा तेच आता पंख करतो. फरक एवढाच की लेनीच्या फळीवर स्पॉन्सरांची नावं असतात आणि त्याला हे सगळं करून पोट भरता येतं.

सर्फिंग ऑलिम्पिकमध्ये असावं असं ड्यूक म्हणत राहिला. ते झालं २०२१ ला, टोकियोच्या खेळांत, त्सुरिगासाकीच्या किनाऱ्यावर, आणि महिलांचं पहिलंच सुवर्ण जिंकलं कॅरिसा मूरने, होनोलुलूच्याच पोरीने.

वाइकिकीला १९९० मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभा केला, मागे फळी, दोन्ही हात पसरलेले, येणारे-जाणारे त्या हातांवर फुलांच्या माळा घालून जातात. पण पुतळ्याचं तोंड रस्त्याकडे आहे आणि पाठ समुद्राला. तिथल्या बऱ्याच लोकांना ते अजून पटत नाही, त्यांचं म्हणणं पाण्यातला माणूस समुद्राकडे पाठ करून कधीच उभा राहत नाही. आमचे आजोबा पण पुळणीवर गेलं की पहिलं हेच बजावायचे.